सिनेमात नसलेली मुलगी

नेलाने कॉफीच्या बंबाची तोटी सोडली, कप खाली धरला आणि तेवढ्यात तिची नजर दाराकडे गेली. पाद्रीसाहेबांची बायको चिकटपट्टी दातांनी तोडून दारावर एक रंगीत कागद लावत होती. कागदावर ट्रंकांच्या ढिगावर बसलेली पिवळ्या टोपीतली मुलगी, तिच्यासमोर छत्री पुढे करून उभा असलेला एक देखणा तरुण, आणि वर वळणदार अक्षरांत सिनेमाचं नाव. कॉफी कपातून बशीत आणि बशीतून बोटांवर आली तेव्हा कुठे नेलाने तोटी बंद केली.

"भाजलं का गं?" शेजारी साखरेच्या वाट्या भरत असलेल्या डेनाने विचारलं.

"नाही," नेला म्हणाली आणि बोटं एप्रनला पुसली.

डच लोकांनी वसवलेल्या न्यू आर्नहेम गावातल्या चर्चच्या तळघरात दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी दुपारी म्हातारी मंडळी जमत. कधी कुणाचं व्याख्यान असे, कधी जुन्या डच स्तोत्रांचं गायन. नोव्हेंबरात काय करावं असा प्रश्न आला तेव्हा नवे पाद्री म्हणाले, आपण एखादा जुना सिनेमा दाखवू, तुमच्या तरुणपणातला, गाण्याबजावण्याचा. पाद्री बत्तीस वर्षांचे होते आणि त्यांच्या तोंडून ते इतक्या सहज आलं की कुणी काही बोललंच नाही. आता दोन माणसं समोरच्या भिंतीवर पांढरा पडदा ताणत होती. पूर्वी त्याच भिंतीला लागून ओकचं एक लांब टेबल असायचं आणि त्यामागे चर्चची पंचमंडळी बसायची. ते टेबल केव्हाच वर गेलं होतं. त्याच्यावर आता माहितीपत्रकं ठेवत.

सहासष्ट सालापर्यंत या चर्चमधल्या माणसांना सिनेमा, पत्ते आणि नाच वर्ज्य होते. मग बंदी उठली आणि दहाएक वर्षांत लोक ती होती हेही विसरले. नेला मात्र कधी गेली नाही. तिच्या तिन्ही मुलांनी सिनेमे बघितले, तिचा नवरा गेरिट शनिवारी तळघरात बसून टीव्हीवर लढाईचे सिनेमे बघायचा, आणि नेला वर स्वयंपाकघरात विणत बसायची. गावात याची चर्चा थोड्या कौतुकाने, थोड्या थट्टेने होई. नेला ब्राउवर म्हणजे जुन्या वळणाची शेवटची बाई, असं लोक म्हणत. नेलाने कधी कुणाची समजूत दुरुस्त केली नाही.

"तू आता घरी जा, कॉफीचं मी बघते," डेना हळूच म्हणाली. "आयुष्यभराचं तुझं व्रत आमच्या सिनेमा आणि मक्याच्या लाह्यांपायी मोडायला नको."

"कप लावते आणि जाते," नेला म्हणाली.

पण कप लावून झाले, दिवे मालवले गेले, आणि नेला सर्वांत मागच्या रांगेत भिंतीलगतच्या खुर्चीवर जाऊन बसली. एप्रन सोडायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

सिनेमा सुरू झाला. मोठं रेल्वे स्टेशन, हमालांची धावपळ, आणि एका कोपऱ्यात हरवलेल्या सामानाची खिडकी. खिडकीमागे पिवळ्या टोपीतली मुलगी. खिडकीशी एक गाणी रचणारा तरुण येतो आणि म्हणतो, माझी छत्री हरवलीय. ती छत्री शोधून देते. दुसऱ्या दिवशी तो हातमोजा शोधत येतो, तिसऱ्या दिवशी चष्मा. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात येतं की या माणसाचं काहीच हरवलेलं नाही.

नेलाला हे सगळं ठाऊक होतं. तिने ही गोष्ट एकदा ऐकली होती, चोपन्न सालच्या मे महिन्यात, रविवारी, सकाळच्या आणि दुपारच्या प्रार्थनांच्या मधल्या वेळात.

तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तिची बहीण मिना अठरा. वडिलांचं, क्लास डाइकस्ट्रांचं, अंडी उबवायचं केंद्र होतं. मिना तिथे दिवसभर नर आणि मादी पिल्लं वेगळी करायचं काम करायची. शनिवारी ती दातात चांदी भरून घ्यायला म्हणून बसने शहरात, ग्रँड रॅपिड्सला गेली होती. रविवारी जेवण झाल्यावर आईवडील आडवे झाले. त्या वेळात घरात पळायचं नाही, शिवायचं नाही, चेंडू खेळायचा नाही. दोघी बहिणी माडीवर पलंगाच्या काठावर बसल्या होत्या, चर्चचे कपडे चुरगळू नयेत म्हणून ताठ. मिना म्हणाली, तुला एक सांगते, पण ते पोटात ठेवायचं. मग तिने आदल्या दिवशी शहरात चोरून बघितलेला सगळा सिनेमा सांगितला. नाच आला की ती दोन बोटं गोधडीवर नाचवायची. गाणं आलं की तोंड मिटून गुणगुणायची, खाली ऐकू जाऊ नये म्हणून.

समोरच्या पडद्यावर आता तीच बोटं दोन माणसं होऊन नाचत होती. सामानाच्या ढकलगाड्यांवरून, ट्रंकांवरून, खिडकीच्या फळीवरून. मिनाने काही म्हणता काही सोडलं नव्हतं. लोक कुठे हसणार हे नेलाला आधी कळत होतं. जाडजूड स्टेशनमास्तर खिडकीशी आला, दोन्ही हातांनी तोंड झाकून काहीतरी पुटपुटला, आणि मुलीने गंभीर चेहऱ्याने त्याच्यासमोर कवळ्यांचा अख्खा खोका ठेवला, तेव्हा सगळं तळघर हसलं. त्यात एक हसू तिचं स्वतःचं होतं. ते ऐकून ती दचकली. तिने तोंडावर हात ठेवला आणि पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या डोक्यांकडे बघितलं. मागे वळून कुणी पाहिलं नव्हतं. हे एवढंच होतं तर. एवढ्याचसाठी.

मग ती त्या लहान मुलीची वाट बघू लागली.

मिनाच्या गोष्टीत टोपीवालीला एक धाकटी बहीण होती. दोघी भाड्याच्या एका खोलीत राहायच्या. धाकटीचा पुढचा दात पडलेला, तोंड सदा चालू, आणि तो तरुण पहिल्यांदा घरी येतो तेव्हा दार तीच उघडते आणि त्याला विचारते, आज काय हरवलं. नेलाला सगळ्या गोष्टीत तीच पोरगी जास्त आवडली होती.

खोलीचं दृश्य आलं. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत एक कुंडी. दारावर थाप पडली. टोपीवालीने स्वतः उठून दार उघडलं. नेलाला वाटलं, धाकटी शाळेत असेल. पुढे गैरसमज झाला. तो एका श्रीमंत बाईला गाणं शिकवत होता आणि टोपीवालीला वाटलं त्यांचं लग्न ठरलंय. ती रडत बॅग भरायला लागली. बॅगेत तिने एकाच माणसाचे कपडे भरले. मग ती एकटीच गाडीत बसली. इकडे तो धावत खिडकीशी आला आणि तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाला म्हणाला, माझी एक मुलगी हरवलीय, अर्ज लिहून घ्या. कारकुनाने घंटा वाजवली, गाडी थांबली, सगळं स्टेशन नाचायला लागलं, दोघांनी एकमेकांचं चुंबन घेतलं आणि पडद्यावर 'समाप्त' आलं.

मिनाच्या गोष्टीत गाडी थांबली नव्हती. दोघी बहिणी गाडीने पार पश्चिमेला गेल्या होत्या, समुद्राकाठी त्यांनी टोप्यांचं दुकान काढलं होतं, आणि वर्षभराने तो छत्री घेऊन त्यांना शोधत आला होता.

दिवे लागले. लोक खुर्च्या सरकवत उठले, कोटांच्या बाह्या शोधू लागले. पाद्री यंत्राच्या वायरी गुंडाळत होते. नेला त्यांच्यापाशी गेली.

"हा पूर्ण होता का?" तिने विचारलं. "म्हणजे मधलं काही कापलेलं वगैरे?"

"नाही, पूर्णच होता. का हो?"

"त्यात एक लहान मुलगी होती. तिची धाकटी बहीण."

पाद्रींनी क्षणभर आठवून पाहिलं. "दुसऱ्या एखाद्या सिनेमात असेल," ते म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "म्हणजे तुम्ही आधी बघितलाय हा? आणि मला सगळे सांगत होते की तुम्ही कधीच..."

"नाही, बघितला नव्हता," नेला म्हणाली.

डेनालाही तिने कप धुताना विचारलं. डेनाने तो सिनेमा टीव्हीवर चारपाचदा बघितला होता. कसली बहीण, ती म्हणाली, त्या बाईला तर आईबापसुद्धा दाखवलेले नाहीत.

नेला कप पुसत राहिली. मिनाने गोष्ट सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, अकरा वर्षांची नेला अशीच भांडी पुसत असताना गुणगुणत होती. ती गुणगुणतेय हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. वडील टेबलाशी बसून बायबल उघडत होते. ते स्तोत्र नव्हे, ते म्हणाले, कुठे शिकलीस. ती म्हणाली, मिनाने शिकवलं. मिना कुठे शिकली, त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. नेलाने सगळं सांगितलं. स्टेशन, छत्री, कवळ्या, सगळं. बोलायच्या ओघात तिने दोन बोटं टेबलावर नाचवूनही दाखवली. वडिलांनी ऐकून घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तू खरं बोललीस, ते म्हणाले. त्यांनी असा हात ठेवल्याची दुसरी आठवण तिच्यापाशी नव्हती. आणि त्या क्षणी तिला आनंद झाला होता. पुढचं सगळं ती कशीबशी सोसू शकली असती, पण तो आनंद तिला कधी सोसला नाही.

मंगळवारी मिनाला याच तळघरात त्या लांब टेबलासमोर उभं केलं. टेबलामागच्या पंचांत वडीलही होते. रविवारी भर प्रार्थनेत उठून चूक कबूल कर, असं तिला सांगण्यात आलं. मिना म्हणाली, दोन तास गाणी ऐकली, त्यात मला चूक दिसत नाही. वडील म्हणाले, मग माझ्या टेबलावर तुझं ताट नाही. गुरुवारी मिना पुठ्ठ्याची बॅग घेऊन बसमध्ये बसली. नेला तेव्हा शाळेत होती.

म्हणून नेला कधी सिनेमाला गेली नाही. लोक ज्याला श्रद्धा म्हणत होते ती तिने स्वतःला दिलेली शिक्षा होती, आणि ती पन्नास वर्षं नीट चालली होती. आज तिला प्रथमच वाटलं, आपण ज्या गोष्टीची शिक्षा भोगतोय ती गोष्ट आपल्याला पूर्ण माहीतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गेरिटला लोकर आणायला जाते असं सांगितलं आणि गाडी दक्षिणेच्या रस्त्याला लावली. मिना कलमाझूत राहत होती. तासाभराचा रस्ता. दर नाताळाला तिच्याकडून एक कार्ड येई, आधी खाली 'मिना आणि रे' असं लिहिलेलं, सहा वर्षांपासून नुसतंच 'मिना'. मिनाचा नवरा रे बस चालवायचा, आणि तो कॅथलिक होता, म्हणजे त्यांच्या चर्चबाहेरचा. नेला त्या दिवसांत टपालपेटी स्वतः उघडायची. कार्ड ती शिवणाच्या टोपलीत तळाशी ठेवी आणि उत्तराला एक कार्ड पाठवी: 'नेला आणि कुटुंब'. पत्ता तिला पाठ होता. त्या रस्त्यावर मात्र ती पहिल्यांदाच येत होती.

विटांची तीन मजली इमारत होती. दुसऱ्या मजल्यावर दार वाजवल्यावर आतून काठीचा आवाज आला, आणि बराच वेळ लागला. दार उघडलं. मिनाचे केस पूर्ण पांढरे झाले होते आणि ती एका अंगावर झुकून उभी होती. पण हनुवटी तशीच होती, वडिलांची.

तिने नेलाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"गेरिट? मुलं?"

"सगळे बरे आहेत."

"मग ये. बूट तिथेच काढ, गालिचा नवा आहे."

टीव्हीवर प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम चालू होता. मिनाने आवाज बारीक केला, बंद केला नाही. तिने कॉफी ओतली, टोस्टला लोणी लावलं, आणि कमरेच्या शस्त्रक्रियेबद्दल, वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या कुत्र्याबद्दल, तीस वर्षं ज्या दुकानात पडदे विकले ते दुकान पाडून तिथे झालेल्या वाहनतळाबद्दल सांगत राहिली. ती जुन्या शेजारणीशी बोलावं तशी बोलत होती. नेला हं हं म्हणत राहिली. अखेर मिना थांबली आणि तिने टोस्टचा तुकडा बशीत ठेवला.

"बोल आता," ती म्हणाली. "माझी कंबर बघायला तू आलेली नाहीस."

"काल चर्चमध्ये सिनेमा दाखवला," नेला म्हणाली. "तो. तुझा."

"चर्चमध्ये?"

"तळघरात."

 मिनाचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नेलाला काय करावं कळेना. ती कपाचा कान धरून बसून राहिली.

"लाह्या होत्या?" मिनाने डोळे पुसत विचारलं.

"होत्या."

"बाबांच्या टेबलाच्या जागी लाह्या," मिना म्हणाली, आणि तिचं हसू ओसरलं. "बरं. मग?"

"त्यात तिला बहीण नाहीये."

"नाहीच आहे."

"तू सांगितलं होतंस की आहे. दात पडलेली. दोघी गाडीत बसून जातात म्हणून."

"तुला अजून आठवतं ते?" मिना म्हणाली. मग खिडकीकडे बघत तिने सावकाश सांगितलं. टोपीवाली बॅग भरून निघते असं सांगितल्यावर नेलाने मिनाचा हात धरला होता आणि काही केल्या सोडत नव्हती. तोंड रडवेलं झालं होतं. खाली आवाज गेला असता तर दोघींचीही धडगत नव्हती. मग मिनाने घाईघाईने मागे जाऊन एक बहीण घातली. दार तिलाच उघडायला लावलं. शेवटी तिलाही गाडीत बसवलं, आणि आता बहीण बरोबर आहे तर गाडी थांबवायची कशाला, म्हणून गाडी पुढे नेली.

"टीव्हीवर लागतो कधीकधी," ती म्हणाली. "रेला तो सिनेमा पाठ होता. पण त्या खोलीत थाप पडली की मला दरवेळी वाटतं, आता ती पोरगी येऊन दार उघडणार."

नेलाने कप खाली ठेवला. तो बशीवर नीट बसला नाही.

"बाबांना मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तुला कुणी..."

"कुणी कशाला सांगायला हवं? मी तुझ्याशिवाय कुणाला सांगितलंच नव्हतं."

टीव्हीवर कुणीतरी बरोबर उत्तर दिलं आणि बारीक आवाजात टाळ्या वाजल्या. नेला आपल्या हातांकडे बघत होती. हे वाक्य बोलायला तिला पन्नास वर्षं लागली होती. ते बोलून झालं होतं, आणि समोरच्या बाईला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"तरी तू कार्डं पाठवत राहिलीस," ती म्हणाली.

"अकरा वर्षांची होतीस गं तू. बापाने विचारलं, तू सांगितलंस. आणखी काय करणार होतीस? बसमध्ये बसले तेव्हासुद्धा मला तुझा राग नव्हता. तुझी काळजी होती." मिनाने टेबलावरचे तुकडे बोटाने एका जागी गोळा केले. "पण आई गेली तेव्हा तू अठ्ठावीस वर्षांची होतीस, नेला."

नेलाने बशीवरचा कप सरळ केला.

"सिनेमाची बंदी उठून तेव्हा पाच वर्षं झाली होती. आईच्या अंत्यविधीला मी मागच्या बाकापाशी उभी होते. म्हटलं, पुढे कशी जाऊ, कुणी बोलावलं तर जाईन. तू पहिल्या रांगेत होतीस. बाहेर पडताना तू माझ्यापासून एवढ्या अंतरावरून गेलीस." तिने हाताने अंतर दाखवलं, टेबलाच्या रुंदीहून ते कमी होतं. "मी हिरवा कोट घातला होता. मुद्दाम. ओळखू येईन म्हणून."

"मी बघितलं होतं," नेला म्हणाली.

"तेही माहीत आहे."

त्या दिवसाबद्दल नेलाने कधी फारसा विचार केला नव्हता. तो तिच्या हिशेबात धरलेलाच नव्हता. आता तिला शवपेटीवरची पांढरी फुलं आठवली, वडिलांचा तिच्या दंडावरचा हात आठवला, आणि गाडीकडे जाताना गेरिटने विचारलं होतं तेही आठवलं, ती मागची हिरव्या कोटातली बाई कोण. आईच्या ओळखीतली कुणीतरी असेल, असं उत्तर तिने दिलं होतं. तेव्हा तिला कुणी काही करायला लावलं नव्हतं. वडिलांनी विचारलंसुद्धा नव्हतं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण जे शब्द ती घरून जुळवून घेऊन आली होती ते सगळे दुसऱ्याच गुन्ह्याचे होते.

"त्यानंतर दहा वर्षं मी वाट बघितली," मिना म्हणाली. "फोन वाजला की बघायचे. मग सोडून दिलं. कार्डाची सवय लागली होती म्हणून कार्ड चालू राहिलं. हे मी तुला बोचावं म्हणून सांगत नाही. कार्डांचं तू काढलंस म्हणून सांगते."

"हो."

 बाहेर बारीक बर्फ पडायला लागलं होतं, लगेच विरघळणारं. मिनाने काठी घेतली, टेबलाला धरून उठली आणि कप-बशा घेऊन मोरीकडे वळली. नेला मदतीला उठली तेव्हा तिने मानेनेच नको म्हटलं.

"सूप आहे वाटाण्याचं," पाठमोरीच ती म्हणाली. "जेवून जा. उपाशी गाडी चालवू नकोस. घरी कळव, उशीर होईल म्हणून. फोन भिंतीवर आहे."

मिनाने नळ सोडला. नेला फोनपाशी गेली आणि घरचा नंबर फिरवला. गेरिटने पाचव्या घंटेला उचलला. तो तळघरातून वर येईपर्यंत तेवढा वेळ लागतोच.

"लोकर मिळाली का?" त्याने विचारलं.

"मी लोकरीला गेलेच नाही. मी कलमाझूत आहे, मिनाकडे. यायला उशीर होईल."

 गेरिट दूरच्या आयोवातून न्यू आर्नहेमला आला तेव्हा मिनाला जाऊन अकरा वर्षं झाली होती. गावाने ते प्रकरण झाकून टाकलं होतं, आणि त्यांच्या घरात गेल्या सदतीस वर्षांत ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

"कोण मिना?" त्याने विचारलं.

फोन जुना होता आणि गेरिटला ऐकायला कमी येत असल्यामुळे तो मोठ्याने बोलायचा. खोली लहान होती. नेलाने मोरीकडे बघितलं. मिनाचा धुवायचा हात थांबला होता. तिने मागे वळून पाहिलं नाही. तिने फक्त नळ बंद केला.

"माझी बहीण," नेला म्हणाली. मग गेरिटला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून तिने ते पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं.